चार सिलिंडरच्या इंजिनात दोन रॉड बदलले आहेत. बॅलन्सिंग कितपत करावे?

प्रश्न

माझ्या गाडीचे चार सिलिंडरचे इनलाइन इंजिन पूर्ण उघडले आहे. बोअर करून चारही पिस्टन ओव्हरसाइज घेतले असून, दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरचे कनेक्टिंग रॉड खराब निघाल्यामुळे तेही बदलले. काट्यावर पाहिले तर नवे पिस्टन जुन्यांपेक्षा ९ ग्रॅमने जड आहेत, पण आपसांत एका ग्रॅमचाही फरक नाही. रॉड मात्र क्रमाने ५६०, ५६८, ५६९ आणि ५६१ ग्रॅम भरले. क्रँकशाफ्ट नुसता मशीनवर फिरवून घेतला की पुरे, त्याला बॉबवेट (पिस्टन-रॉडऐवजी तात्पुरते बांधायचे वजन) लावण्याची गरज नाही, असे मशीन शॉपमधील कारागीर सांगतात. बॉबवेटशिवाय बॅलन्सिंगला अर्थ नाही, असे मी वाचले आहे. नक्की काय करावे?

उत्तर १

कारागिराचे म्हणणे योग्य आहे. आपण वाचलेले बहुधा व्ही-८ इंजिनाविषयी असावे. ९० अंशांच्या व्ही-८ मध्ये प्रत्येक क्रँकपिनवर (क्रँकच्या ज्या भागाला रॉड जोडतात त्यावर) फिरणारे संपूर्ण वजन आणि वर-खाली होणाऱ्या वजनाचा निम्मा भाग, एवढे बॉबवेट बांधल्याशिवाय क्रँक मशीनवर समतोल दिसतच नाही. इनलाइन चारमध्ये पहिला आणि चौथा पिन एका बाजूला, तर दुसरा आणि तिसरा बरोबर विरुद्ध बाजूला असतो. क्रँकचा अर्धा भाग उरलेल्या अर्ध्याचे आरशातले प्रतिबिंबच म्हणा ना. त्यामुळे चारही पिनांवर सारखे वजन चढवले तर ते एकमेकांना आपोआप छेद देते आणि नुसता क्रँक फिरवून भागते. पिस्टनच्या वाढलेल्या ९ ग्रॅमची चिंता याच कारणाने सोडून द्या.

मात्र या हिशेबात ‘सारखे’ हा शब्द महत्त्वाचा आहे आणि आपले रॉड सारखे नाहीत. दोन्ही जड रॉड क्रँकच्या एकाच बाजूला आले आहेत. हा सारा फरक बिग एंडकडे (रॉडच्या क्रँककडील मोठ्या टोकाकडे) आहे असे धरले, तर सुमारे १६ ग्रॅम जादा वजन ४० मिलिमीटर त्रिज्येवर फिरेल, आणि मिनिटाला ६००० फेऱ्यांवर त्याची ओढ सुमारे २५ किलो वजनाइतकी होईल. ३००० फेऱ्यांवर ती याच्या चौथ्या हिश्श्यावर येते, कारण बल फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते.

उत्तर २

वरील उत्तराला एक पुरवणी जोडतो. जड रॉडांपैकी एक पहिल्या सिलिंडरला लावून ‘समोरासमोर’ तोल साधावा, असा मोह होईल, तो टाळावा. पहिला आणि दुसरा पिन विरुद्ध दिशांना असल्यामुळे क्रँक न फिरवता तोल पाहण्याच्या चाकू-धारेच्या स्टँडवर ठेवल्यास तो समतोलच दिसेल, पण दोन ओढी क्रँकच्या लांबीवर वेगवेगळ्या ठिकाणी असल्याने चालत्या इंजिनात तो डोलत राहील.

रॉडचे एकूण वजन जुळवणे पुरेसे नाही. बिग एंड फिरतो आणि स्मॉल एंड पिस्टनबरोबर वर-खाली होतो, म्हणून दोन्ही टोके स्वतंत्रपणे तोलावी लागतात. एक टोक दोरीने लटकवून दुसरे काट्यावर टेकवा आणि रॉड अगदी आडवा ठेवा. थोडा जरी कलला तरी आकडा बदलतो. दोन टोकांची बेरीज एकूण वजनाशी जुळली नाही, तर मोजमाप चुकले असे समजून पुन्हा करा. सर्वांत हलक्या टोकाला प्रमाण मानून बाकीच्यांचे धातू बिग एंडच्या कॅपच्या (बोल्टने बसणाऱ्या अर्ध्या भागाच्या) तळाच्या उंचवट्यावरून आणि स्मॉल एंडच्या माथ्यावरून काढतात. घासणे रॉडच्या लांबीच्या दिशेने असावे, कारण आडवा ओरखडा म्हणजे उद्याची चीर. मधल्या दांड्याला तर हातच लावू नये.

शेवटी फ्लायव्हील आणि त्यावर क्लचची प्रेशर प्लेट बसवून पुन्हा फिरवून घ्यावे, आणि सुटे करण्यापूर्वी दोहोंवर पंचची खूण करावी. ही खूण न केल्याने एकदा माझी प्रेशर प्लेट एक भोक पुढे बसली होती, आणि गिअरबॉक्स उतरवण्याचा सारा खटाटोप मला दुसऱ्यांदा करावा लागला.

प्रश्नकर्ता

दोघांचे आभार. बिग एंड ३९८, ४०४, ४०५, ३९८ आणि स्मॉल एंड १६२, १६४, १६४, १६३ ग्रॅम आले, बेरीज जुळते. म्हणजे फरक मुख्यतः फिरणाऱ्या भागातच आहे. घासकाम मी स्वतः न करता कारागिराकडे देईन. आता एकच शंका उरते: इंजिन उघडण्यापूर्वीही सुमारे २८०० फेऱ्यांवर डॅशबोर्ड थरथरत असे. ते यातून जाईल का?

उत्तर १

फेऱ्यांच्या गतीने येणारा कंप कमी होईल. दुप्पट गतीने येणारा जाणार नाही. रॉड तिरपा होत असल्यामुळे क्रँक पाव फेरा फिरला असता पिस्टन निम्म्याहून अधिक खाली आलेला असतो, आणि या विषमतेतून उपजणारे बल चारही सिलिंडरांत एकाच वेळी एकाच दिशेने लागते. क्रँकवर कितीही भोके पाडली तरी ते मिटत नाही. त्यासाठी फ्रेडरिक लँचेस्टर यांनी क्रँकच्या दुप्पट वेगाने एकमेकांविरुद्ध फिरणाऱ्या दोन शाफ्टांची युक्ती काढली. पुढे मित्सुबिशीने ती पुन्हा वापरात आणली आणि पोर्शेच्या ९४४ मध्येही ती आली. आपल्या इंजिनात असे शाफ्ट नसतील, तर हा कंप सोसण्याचे काम इंजिन माउंटिंगचेच आहे. इंजिन खाली उतरलेलेच आहे, तेव्हा माउंटिंगचे रबर चिरले किंवा बसले आहे का, ते आताच पाहून घ्या.