इन्व्हर्टरची बॅटरी बदलायची वेळ आली हे नक्की कशावरून ओळखायचं? (घरी ऑक्सिजनचं मशीन आहे)

अकोलेकर_ताई

नमस्कार, जरा घाईत विचारतेय. आमच्याकडे १५० एएचची (अँपिअर-अवर) ट्यूबलर बॅटरी आहे, घेऊन साडेचार वर्षं झाली, इन्व्हर्टर साइन वेव्ह आहे. आधी फक्त पंखे लाइट वायफाय एवढंच चालायचं त्यामुळे कधी लक्षच दिलं नाही, पण मागच्या दिवाळीपासून बाबांना रात्री ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लागतो, पाच लिटरवाला, त्याच्या मागे ३५० वॅट लिहिलंय. परवा रात्री लाइट गेली आणि पन्नास मिनिटांत इन्व्हर्टर बीप करायला लागला, मी आणि भाऊ दोघं जागेच होतो म्हणून निभावलं, सिलिंडर लावला. झोपलेलो असतो तर, हा विचार डोक्यातून जात नाहीये.

दोन दुकानदारांना बोलावलं. एक म्हणतो बॅटरी गेली, नवीन घ्या. दुसरा म्हणतो अ‍ॅसिड टाकून देतो आणि एक पावडर टाकतो, अजून दोन वर्षं चालेल. लाइट आल्यावर दीड-दोन तासांतच फुल चार्ज दाखवतो हेही मला विचित्र वाटतं, पूर्वी रात्रभर लागायचं. कोणाचं खरं मानू? आणि मला स्वतःला घरच्या घरी कसं तपासता येईल?

चाळीसगावचा_बॅटरीवाला

ताई, माझं बॅटरीचंच दुकान आहे, पण तुम्ही अकोल्याच्या म्हणजे माझं गिऱ्हाईक नाही, तेव्हा मोकळेपणाने सांगतो. अ‍ॅसिड अजिबात टाकू देऊ नका. बॅटरीतून उडतं ते पाणी, अ‍ॅसिड आतच राहतं, म्हणून वरून फक्त डिस्टिल्ड वॉटर घालायचं असतं. अ‍ॅसिड ओतलं की हायड्रोमीटरवर (आतल्या द्रवाची घनता मोजायची नळी) आकडा चांगला दिसतो, प्लेटा मात्र आणखी लवकर खराब होतात, आणि पावडरने झिजलेली प्लेट परत उभी राहत नाही.

झटकन फुल आणि झटकन खाली, हे म्हाताऱ्या बॅटरीचं अगदी ओळखीचं लक्षण आहे. पाण्याची टाकी अर्धी गाळाने भरली तर ती लवकर भरते आणि लवकर रिकामी होते, तसंच.

आता हिशोब बघा. १५० एएच जे लिहितात ते वीस तासांच्या हिशोबाने, म्हणजे साडेसात अँपिअर वीस तास. तुमचं मशीन ३५० वॅटचं, त्यात इन्व्हर्टर स्वतःही थोडं खातो, म्हणजे बॅटरीतून साधारण ३५ अँपिअर ओढले जातात, आणि एवढ्या जोरात ओढलं की पूर्ण १५० मिळत नाहीत. तरी नव्या बॅटरीवर तीन तासांच्या आसपास चालायला हवं. तुमचं पन्नास मिनिटं चाललं.

पण बॅटरी टाकायच्या आधी दोन गोष्टी बघाच. टर्मिनलवर पांढरी-हिरवी पावडर धरलीये का, नट ढिला आहे का. गरम पाण्यात खायचा सोडा घालून पुसा (इन्व्हर्टर बंद करून), कोरडं करा, घट्ट आवळा आणि व्हॅसलिन लावा. दुसरं, लाइट चालू असताना मल्टिमीटर बॅटरीच्या टोकांना लावा, चार्जिंग होताना १३.८ ते १४.४ व्होल्टच्या दरम्यान यायला हवं. तेरापर्यंतही चढत नसेल तर आधी चार्जरवर संशय घ्या, बॅटरीला उगाच दोष लागतो. इन्व्हर्टरच्या मागे ट्यूबलर / फ्लॅट / एसएमएफ (सीलबंद) असं बॅटरीच्या प्रकाराचं बटण असतं, ते ट्यूबलरवर आहे ना तेही बघा.

रात्रपाळी_नाशिक

एवढं काही नसतं हो, आमची सात वर्षं चालली, पार बंद पडली तेव्हाच बदलली. वर्षं मोजून बदलणारे उगाच पैसे घालवतात.

निवृत्त_टेलिफोनवाले_काका

नाशिककर, तुमच्या घरी दोन पंखे असतील तर तुमचं बरोबर आहे, बंद पडली तर घाम येईल, बस. ताईंच्या घरी मशीनवर माणूस आहे. दोघांना एकच नियम लावता येत नाही.

मी टेलिफोन एक्सचेंजमध्ये पॉवर प्लांटवर होतो. तिथे ४८ व्होल्टची बँक, दोन-दोन व्होल्टचे २४ सेल, आणि प्रत्येक सेलचं व्होल्टेज न ग्रॅव्हिटी (हायड्रोमीटरवरची घनता) वहीत लिहायची. नव्या असताना जेवढी क्षमता त्याच्या ८० टक्क्यांवर आली की बदलायची तयारी, कारण त्याच्यानंतर उतरण हळूहळू होत नाही, एकदम घसरते. घरात लोक निम्म्यावर येईपर्यंत वापरतात, पंख्यासाठी चालतं. तुमच्याकडे ८०च धरा.

आता तपासणी. पाणी घालायच्या आधी हायड्रोमीटर लावा. आधीच घातलं असेल तर एक पूर्ण चार्ज होऊ द्या, नाहीतर ते पाणी वर तरंगतं आणि आकडा खोटा येतो. हातमोजे, चष्मा घाला, खिडक्या उघड्या ठेवा, चार्ज होताना हायड्रोजन निघतो तेव्हा जवळ उदबत्ती दिवा काही नको. सहाही सेलचे आकडे लिहा. भरलेल्या ट्यूबलरला १२२० ते १२४० यायला हवं. सगळे सारखे कमी असतील तर कदाचित चार्जिंगच पुरत नसेल, पण पाच ठीक आणि एक तीस-चाळीसने खाली असेल तर तो सेल गेला, आणि सहा सेल एकामागे एक जोडलेले असल्यामुळे त्या एकाच्या हिशोबाने सगळी बॅटरी चालते.

नुसत्या व्होल्टेजवर विसंबू नका. चार्जिंग काढून तीन-चार तास ठेवलेल्या चांगल्या ट्यूबलरला १२.४-१२.५ च्या आसपास दाखवतं, पण गेलेली बॅटरीसुद्धा कधीकधी तेवढं दाखवते आणि लोड टाकला की धाडकन पडते. म्हणून लोडवर बघा. बाबांचं मशीन चाचणीला वापरू नका, ते वेगळ्या प्लगवर थेट लाइटवर राहू द्या. शंभरचे जुने पिवळे बल्ब तीन घ्या, इन्व्हर्टरवर लावा, इन्व्हर्टरचा मेन बंद करा, घड्याळ लावा. पहिली बीप झाली की थांबायचं आणि लगेच चार्जिंगला, रिकामी तशीच पडू द्यायची नाही, त्यानेच प्लेटांवर सल्फेटचा कडक थर धरतो.

अजून एक, ट्रॉली कुठे ठेवलीये? २५ अंशांच्या वर साधारण दर दहा अंशांना बॅटरीचं आयुष्य निम्मं होतं असं आम्ही धरायचो. अकोल्याचा मे सांगायला नको.

आणि बॅटरी कितीही नवी असो, भरलेला सिलिंडर घरात हवाच.

चाळीसगावचा_बॅटरीवाला

काकांनी मुद्द्याचं सांगितलं. वॉरंटी कार्ड पण शोधा ताई, बऱ्याच ट्यूबलरना सुरुवातीचे महिने फुल आणि पुढे प्रो-राटा (वापरलेल्या काळाच्या हिशोबाने थोडी सूट) असते, साडेचार वर्षांत असाल तर नव्यावर काही कमी होऊ शकतं. जुनी बॅटरी भंगारवाल्याला देऊ नका, नवी घेताना दुकानातच द्या, शिशाचे पैसे वजा होतात आणि अ‍ॅसिड कुणाच्या नाल्यात जात नाही.

कोकणी_शाळामास्तर

शाळेच्या कॉम्प्युटरच्या यूपीएसला पण हेच लागू होतं का? आतली छोटी बॅटरी आहे, लाइट गेली की त्याच क्षणी कॉम्प्युटर बंद.

निवृत्त_टेलिफोनवाले_काका

त्यात बहुतेक १२ व्होल्ट ७ एएचची सीलबंद असते गुरुजी, तिचं आयुष्यच दोन-तीन वर्षांचं. पाणी नाही, ग्रॅव्हिटी नाही, मोजायला काही नाही. उघडून बघा, कडा फुगल्या असतील तर त्याच दिवशी काढा.

अकोलेकर_ताई

रविवारी भावाने आणि मी मिळून सगळं केलं, चार्जिंगला १४.१ आलं म्हणजे चार्जर ठीक. ग्रॅव्हिटी १२२५, १२२०, १२२५, ११३०, १२२०, १२२५. चौथा सेल! चार्ज होताना बाकी पाचांत बुडबुडे येत होते, त्यात काहीच नाही. तीन तास ठेवल्यावर १२.३ आणि तीन बल्ब लावले तर पंचावन्न मिनिटांत बीप. ट्रॉली जिन्याखाली पत्र्याला लागून होती, दुपारी तिथे हात ठेववत नाही, साडेचार वर्षं तिथेच होती.

काल नवीन बसवली, ट्रॉली आतल्या पॅसेजमध्ये घेतली. रात्रभर चार्ज करून आज बल्ब लावून बघितलं, ३ तास ४० मिनिटांनी बीप झाली.

निवृत्त_टेलिफोनवाले_काका

छान. नवी ट्यूबलर पहिल्या काही वेळा चार्ज-डिस्चार्ज झाल्यावर अजून थोडी सुधारते, महिन्याभराने परत मोजा आणि तो आकडा पक्का धरा. मग दर तीन महिन्यांनी.

अकोलेकर_ताई

हो काका. २२० मिनिटांचे ८० टक्के १७६ होतात, तर भावाने मार्करने झाकणावर तारीख टाकून "१७५ च्या खाली गेली की बदल" असं लिहून ठेवलंय, महिन्याभराने आकडा वाढला तर तोही सुधारू. सिलिंडर भरून आणला. पावडरवाल्याचा परत फोन आला होता, त्याला चौथ्या सेलचा आकडा सांगितला.