रायबंदरची ताव्हेर्न
गोव्यातल्या नदीकाठच्या जुन्या बारना कुणी 'नुसते गुत्ते' म्हणतं, ते मला पटत नाही. रायबंदरला चोडणच्या फेरीधक्क्याजवळ एक ताव्हेर्न, म्हणजे छोटा जुना बार, होती. चार बाकं, काउंटरमागे आंटी, खिडकीखाली मांडवी नदी. फेरी चुकली की माणसं आत यायची, आणि पुढच्या दोन फेऱ्याही मुद्दाम चुकवायची. मार्च-एप्रिलात उर्राक यायची, काजूच्या रसाची पहिल्या धारेची. लिम्का, मीठ, उभी चिरलेली हिरवी मिरची. जून लागला की ती संपायची, मग फेणी.

एक निवृत्त मास्तर रोज सहाला यायचे, एकच ग्लास घ्यायचे, आणि पोरांची गणितं तिथेच तपासायचे. एक म्हातारे खलाशी ५ जुलै १९८६ ला मांडवीचा पूल कोसळला त्यानंतरचे दिवस सांगायचे. पणजी-बेतीची सगळी माणसं पुन्हा फेरीबोटीवर आली होती. ते सांगताना त्यांचा आवाज चढायचा आणि आंटी रेडिओ बंद करायची.

मुलं परदेशी गेली, आंटी थकली, दार बंद झालं. मास्तरांची जागा खिडकीजवळची होती. गेल्या वर्षी फेरीतून पाहिलं, त्या खिडकीला आता फळ्या ठोकल्यात.