'रोबेर्तो देवेरो' ऑपेरा: अंगठी राणीपर्यंत वेळेत पोचत का नाही?

लातूरकर:
परवा लाईट गेली म्हणून गच्चीवर मोबाईलवर इटालियन संगीतकार दोनिझेत्तीचा हा ऑपेरा बघितला, तेव्हापासून डोक्यातून जाईना. इंग्लंडच्या एलिझाबेथ राणीनं तिच्या लाडक्या सरदाराला, रोबेर्तोला, अंगठी दिलेली असते, संकटात ही दाखव जीव वाचेल म्हणून, मग ती वेळेत पोचत कामून नाही? शेवटी इतकं भराभर होतं की कळंचना. आणि माणूस मेल्यावर राणी एवढं संथ कामून गाते?

आंबाजोगाईची सून:
दादा, पहिला अंक परत बघा. रोबेर्तोचा मित्र नॉटिंगहॅम सांगतो की त्याची बायको निळ्या कापडावर सोन्याच्या तारेनं भरतकाम करताना रडत होती. ती सारा, तिचं प्रेम रोबेर्तोवर, पण तो आयर्लंडला असताना राणीनंच तिचं लग्न नॉटिंगहॅमशी लावून दिलेलं. ते निळं कापड ती रोबेर्तोला देते अन् तो अंगठी तिच्याकडं देतो. राजद्रोहाच्या आरोपावरून रोबेर्तोला पकडल्यावर ते कापड त्याच्या अंगावर सापडतं, नॉटिंगहॅम ओळखतो, आणि तोवर जिवाभावाचा मित्र असलेला माणूस उलटतो. तुरुंगातून साराला रोबेर्तोची चिठ्ठी येते की अंगठी राणीकडं ने, तर हा बायकोला घरातच कोंडून ठेवतो. ती कशीबशी अंगठी घेऊन पोचते, राणी त्याला वाचवायला सांगते, तेवढ्यात त्याला मारल्याची तोफ वाजते.
खरा रोबेर्तो १६०१ मध्ये मारला गेला, अंगठीची गोष्ट मात्र दंतकथा.

परभणीचा पेटीवाला:
संथपणाबद्दल बोलतो, मी ते पेटीवर वाजवून बघायलोय लै दिवसांपासून. त्या काळी शेवटी नायिकेला जलद, तानांचं गाणं द्यायची रीत होती, दोनिझेत्तीनं तिथं लय जड ठेवली, एकेक सूर पाय ओढत आल्यासारखा येतो आणि मधेच खालून एकदम वर उडी. राणीला रक्तात भिजलेला मुकुट दिसतो, हातात तुटलेलं मुंडकं घेऊन फिरणारं भूत दिसतं, तिथं जलद गाणं बसलंच नसतं. जुलै १८३७ मध्ये दोनिझेत्तीची बायको वारली, नेपल्समध्ये तेव्हा कॉलरा होता, आणि ऑक्टोबरात तिथंच सान कार्लो थिएटरात हा ऑपेरा उभा राहिला. मला ते गाणं ऐकताना दरवेळी हे आठवतं.
गायिका लेयला गेंजेरचं १९६४ चं नेपल्सचं रेकॉर्डिंग ऐका, आवाज खरखरीत आहे पण चालतंय.

लातूरकर:
ताई, भरतकामाचं वाक्य माझ्याकडून निसटलंच होतं. काल परत लावलं, आई शेजारी शेंगा फोडत बसलेली, तिला एक शब्द कळंना तरी तोफेच्या आवाजाला हात थांबला तिचा, म्हणाली, "त्या पोरीला सोडायचं ना रे लवकर."