दाढ काढण्याआधी अँटिबायोटिक: सगळ्यांनाच द्यावं का?

आर्वीकर: आमच्या भागात दाढ काढायच्या आधी तीन दिवस गोळ्या देतात, अन् माझ्या मते ते बरोबर आहे. खर्रा खाऊन हिरड्या खराब, दाढ काढली की दुसऱ्या दिवशी माणूस कापूस वेचायला हजर. रात्री गाल सुजला तर एसटी नाही, दवाखाना तालुक्याला. गोळी आधीच पोटात गेलेली बरी.

दंतवैद्य, वर्धा: भाऊ, अडचण खरी आहे, उपाय चुकीचा आहे. दाढ काढताना तोंडातले जंतू रक्तात जातात. निरोगी माणसाचं शरीर त्यांना लगेच निपटतं. हृदयाची झडप कृत्रिम असेल, पूर्वी एंडोकार्डायटिस (हृदयाच्या आतल्या आवरणाचा जंतुसंसर्ग) झाला असेल किंवा काही ठरावीक जन्मजात हृदयदोष असतील, तर हे जंतू हृदयात ठाण मांडू शकतात. दाढ काढण्याआधीचा डोस मुख्यतः अशांसाठी. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २००७ मध्येच ही यादी आखडती केली. मोठ्या माणसाला अमॉक्सिसिलिन (पेनिसिलिनच्या गटातलं अँटिबायोटिक) २ ग्रॅम, एकदाच, ३० ते ६० मिनिटं आधी. नुसता स्टेंट किंवा बायपास झालाय म्हणून हा डोस लागत नाही.

हिंगणघाटची लेक: माझ्या आईची झडप बदललेली आहे. दाढेच्या वेळी तिला "बीपी आहे का?" एवढंच विचारलं. फाईल मीच पुढे केली, म्हणून डोस मिळाला. सगळ्यांना सरसकट गोळ्या दिल्या की ज्याला खरी गरज आहे त्याला विचारायचंच राहून जातं, याची मला चीड येते. अन् रक्त पातळ करायची गोळी परस्पर बंद करू नका. हृदयाच्या डॉक्टरांना विचारा, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा) तपासा.

मेडिकलवाला: चिठ्ठीशिवाय "दाढेच्या दोन गोळ्या द्या" म्हणणारे रोज येतात. गोळ्यांच्या पाकिटावरची लाल रेघ, म्हणजे चिठ्ठीशिवाय घेऊ नका ही खूण, कोणी पाहत नाही. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असली तर अंगावर गांधी उठतात, कधी श्वास कोंडतो. मी परत पाठवतो, लोक रागावतात.

आर्वीकर: झडपेचं पटलं. पण रविवारी रात्री सुजलेला गाल घेऊन आम्ही जावं कुठं? त्याचं उत्तर मिळेपर्यंत मी गोळी सोडा म्हणणार नाही.

दंतवैद्य, वर्धा: सूज आली तर दाढेतला पू काढणं हाच मुख्य इलाज, नुसत्या गोळीनं ती फक्त दबते. ताप आला, तोंड उघडेना, गिळता येईना किंवा सूज गळ्याकडे उतरली, तर सकाळची वाट पाहू नका, १०८ लावा. अन् संधिवाताचा ताप (रुमॅटिक फीवर) पुन्हा येऊ नये म्हणून दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन घेणाऱ्यांनी ते आम्हाला आधी सांगा. डोस लागलाच तर औषध दुसरं निवडावं लागतं.