तिसरीची वजाबाकी, टॅबवरचा सराव आणि मुलांची माहिती

पाटीपेन्सिल विचारतात:
तिसरीचा वर्ग दशक सुटा करून करायच्या वजाबाकीवर अडलाय. ५२ − २७ चं उत्तर निम्मी मुलं ३५ लिहितात. टॅबवरच्या सराव अ‍ॅपमध्ये मात्र हीच मुलं दहापैकी नऊ गुण मिळवतात! त्यात प्रोफाइलवर पूर्ण नाव, जन्मतारीख, काहींचा फोटोसुद्धा. दोन्हींसाठी मिळून आठवड्याला दोनच तासिका आहेत. सुरुवात कुठून करू?

एककदशक:
अ‍ॅपच्या गुणांवर जाऊ नका. चार पर्याय समोर आणि चुकलं की लगेच दुसरी संधी, मग मूल टिचक्या मारत उत्तरापर्यंत पोचतंच. कागदावर ४०३ − १७८ द्या. ३७५ आलं तर मूल प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतंय, कोणता वर आणि कोणता खाली हे बघतच नाही. २७५ आलं तर सुटं करणं त्याला येतं, पण शतक थेट एककात नेलंय आणि शून्याखालचा ७ जसाच्या तसा उतरवलाय. या दोघांना एकच उपाय चालत नाही.

पहिल्याला काड्या द्या: रबर लावलेले दहा-दहाचे ५ गठ्ठे आणि २ सुट्या. फक्त ५२ मांडायचे. २७ वेगळे मांडले की मुलं दोन्ही ढीग एकत्र मोजतात, हा गोंधळ हमखास होतो. "सात सुट्या दे" म्हणा. दोनच आहेत म्हटल्यावर ते स्वतः गठ्ठा सोडेल. तिथेच थांबवून विचारा, "आता एकूण किती?" ४२ म्हणालं, तर अजून उभी मांडणी शिकवू नका. ४ गठ्ठे आणि १२ सुट्या म्हणजेही ५२च, हे आधी पटायला हवं.

दुसऱ्यासाठी शतकाचा गठ्ठा दहा दशकांचे गठ्ठे एकत्र बांधूनच करा, शंभर सुट्या काड्यांचा नको. तो सोडला की १० दशक, त्यातला एक फोडला की ३ शतक, ९ दशक, १३ एकक. शून्याच्या जागी ९ कुठून आला ते डोळ्यांना दिसतं. उत्तर २२५, आणि १७८ मिळवून ताळा करायचाच.

अ‍ॅपमधलं घड्याळ बंद होत असेल तर करा. आधी वहीत उत्तर, मग टॅबला बोट.

कुलूपकिल्ली:
प्रोफाइलचं काम आजच उरका. टोपणनाव ठेवा, त्यात आडनाव, शाळा, हजेरी क्रमांक काही नको. फोटोऐवजी चित्र. सेटिंगमध्ये स्थान, कॅमेरा, मायक्रोफोन, संपर्क या परवानग्या बंद करा, वजाबाकीच्या सरावाला यातलं काहीच लागत नाही. जन्मतारीख मागितली तर मुलांना वय वाढवून टाकायला मात्र शिकवू नका. लहानांसाठीची बंधनं बहुतेक वेळा त्या वयावरच लागतात. खातं मोठ्यांनीच उघडावं.

आता एका तासिकेत दोन्ही विषय. विचारा, एका अंकाचे किती पासकोड होतील? १०. दोन अंकांचे? बरीच मुलं ९९ म्हणतील, कारण ०० सुटतो. खरे १००. तीन अंकांचे १,०००, चार अंकांचे १०,०००. एक घर वाढलं की दहापट, म्हणजे स्थानिक किंमतच. मग सांगा, चार अंकांत जन्माचा दिवस आणि महिना टाकला तर शक्यता उरतात फक्त ३६६, आणि वाढदिवस तर अख्ख्या वर्गाला ठाऊक असतो. उदाहरणाचे कोड फळ्यावर तुम्हीच लिहा. मुलांना विचारलंत तर ती खरेच सांगून टाकतील.

तिसरीघंटा:
जाहिरातींचं राहिलं. "बक्षीस लागलं" अशी खिडकी उघडली की फुली दाबायला शिकवतात, पण ती फुलीच कधीकधी खोटी असते. त्यापेक्षा टॅब पालथा ठेवायचा आणि मोठ्यांना हाक मारायची. अनोळखी माणसाचा संदेश आला तरी तेच. उत्तर द्यायचं नाही आणि पुसायचाही नाही; मोठ्यांनी आधी स्क्रीनशॉट घ्यायचा, मग तक्रार करून ब्लॉक. आणि हाक मारणाऱ्या मुलाचा टॅब काढून घेऊ नका, नाहीतर पुढच्या वेळी ते सांगणारच नाही.

पाटीपेन्सिल:
४०३ साठी प्रत्येक गटाला चारशे काड्या कुठून आणू?

एककदशक:
शतकाचा एकच संच पुढच्या टेबलावर ठेवा, तो अख्ख्या वर्गाला पुरतो. चार-चार मुलांच्या गटाला ६० काड्या आणि ६ रबर बास. ६० पर्यंतची दोन अंकी गणितं त्यात होतात. ३७५ वाली मुलं आधी त्यावर बसवा, ४०३ कडे नंतर या.