सेफ्टीवाला नकाशाच्या टेबलावरच हवा
दादा, "खोदाई सुरू झाली की सेफ्टीवाला नेमू" हे तुमचं म्हणणं मला पटत नाही. तोवर निम्मे धोके नकाशातच पक्के झालेले असतात.

जळगावात आमच्या एका साइटवर पाण्याची टाकी गच्चीच्या अगदी कडेला होती, कठडा जेमतेम गुडघ्याएवढा. टाकी धुणारा पोरगा ओल्या स्लॅबवर एका हाताने पाइप धरून बाहेर वाकलेला पाहिला आणि पोटात गोळाच आला. टाकी चार फूट आत आणि दोर अडकवायला कॉलममध्ये एक कडी, एवढंच हवं होतं. नकाशावर पेन्सिलची एक रेघ. नंतर मात्र तोडफोड.

ब्रिटनमध्ये बांधकाम सुरक्षेच्या २०१५ च्या नियमांनुसार एकाहून जास्त ठेकेदार असतील तर मालकाने प्रिन्सिपल डिझायनर, म्हणजे नकाशापासूनच सुरक्षेचं बघणारा मुख्य डिझायनर, लेखी नेमायचा, होईल तितक्या लवकर आणि बांधकाम सुरू व्हायच्या आत. नाही नेमला तर ती जबाबदारी मालकाच्याच गळ्यात. आपल्या १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यात सेफ्टी ऑफिसर यायचा तो ५०० कामगारांपासून; नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी आलेल्या नव्या संहितेतही तो २५० पासूनच. धुळे-भुसावळकडच्या किती साइटवर एवढी माणसं असतात, सांगा बरं. म्हणून कायद्याची वाट न बघता आर्किटेक्टला द्यायच्या पहिल्याच पत्रात हे काम कुणाचं, ते नाव घालून लिहा.