माँटे क्रिस्टो सँडविच घरी: बॅटर सुटू नये आणि चीज नीट वितळावं, यासाठी काय करावं?

खाऊगल्ली_ठाणे

हॅम-चीजचं सँडविच बॅटरमध्ये बुडवून तळतात, वरून पिठीसाखर भुरभुरवतात आणि सोबत जॅम देतात, ते माँटे क्रिस्टो घरी करायचं आहे. माणसं चार. नेटवरच्या कृतींचा मेळ लागत नाही. कोणी फेटलेल्या अंड्यात बुडवून तव्यावर भाजतं, कोणी मैद्याच्या बॅटरमध्ये घालून कढईत तळतं. मला तळलेलंच हवं आहे, पण तळताना बॅटरचे पापुद्रे सुटतात, कडा उघडून चीज तेलात येतं आणि वरून सोनेरी दिसलं तरी आतलं चीज गारच राहतं. बॅटरचं नेमकं प्रमाण, तेलाचं तापमान आणि इथे मिळणारं हॅम-चीज कोणतं चालेल, हे सांगाल का? पोर्क न खाणारे दोघे आहेत, त्यांच्यासाठीही पर्याय हवा. एअर फ्रायर आहे, त्यात जमेल का?

मंद_आच

कृतींचा मेळ लागत नाही कारण हे दोन वेगळे पदार्थ एकाच नावाने फिरतात. मूळ धागा पॅरिसच्या क्रोक मस्यूपर्यंत, म्हणजे तिथल्या भाजलेल्या हॅम-चीज सँडविचपर्यंत जातो. अमेरिकेत त्याचं आधी अंड्यात बुडवून तव्यावर भाजलेलं रूप आलं. बॅटरमध्ये तळलेलं आणि पिठीसाखरेचं रूप गाजलं ते कॅलिफोर्नियातल्या डिस्नीलँडमुळे. तिथल्या न्यू ऑर्लिन्स स्क्वेअरमधलं ब्लू बायू हे रेस्टॉरंट १९६७ साली सुरू झालं आणि हे सँडविच त्याची ओळख बनलं. तुम्हाला हवंय ते हे दुसरं.

चार सँडविचना पुरेल असं बॅटर: मैदा १५० ग्रॅम, कॉर्नफ्लोअर २ टेबलस्पून, बेकिंग पावडर दीड टीस्पून, मीठ पाव टीस्पून, साखर १ टीस्पून, अंडं १, फ्रिजमधलं गार पाणी २०० मि.ली. आधी कोरडं सगळं चाळून घ्या. अंडं पाण्यात फेटून त्यात ओता आणि दहा-बारा वेळाच ढवळा. बारीक गुठळ्या राहिल्या तर राहू द्या. जास्त घोटलं की मैद्याला चिवटपणा येतो आणि आवरण कुरकुरीत न होता चामट होतं. बॅटर भज्यांच्या पिठापेक्षा जरा सैल हवं: चमचा बुडवून उचलला की मागची बाजू पूर्ण झाकली पाहिजे आणि जादा पीठ संथ धारेनं गळलं पाहिजे. घट्ट वाटलं तर पाणी एकेक चमचा वाढवा, २२० मि.ली.च्या वर सहसा जावं लागत नाही.

मीठ कमी लिहिलंय ते मुद्दाम. हॅम खारट, चीज खारट, त्यात बॅटरही खारट झालं तर जॅम काहीही सावरू शकत नाही. दूध घालायचा मोहही टाळा. दुधातल्या साखरेमुळे आवरण लवकर तांबूस होतं आणि तुमची नेमकी तीच अडचण आहे, वरून झालं आणि आत गार.

आता रचना. पाव कालचा घ्या, साधा पांढरा सँडविच ब्रेड, स्लाइस साधारण १ ते सव्वा सेंटीमीटर जाड. ताजा मऊ पाव बॅटर शोषून लगदा होतो. कडा कापून टाका. हा नखरा नाही: पावाची कड गुळगुळीत असते, तिला बॅटर धरत नाही आणि पापुद्रा तिथूनच सुटायला लागतो. मग पाव, चीज, हॅम, चीज, पाव याच क्रमाने लावा. चीज दोन्ही बाजूंना पावाला लागून असलं की वितळून पाव चिकटवतं आणि हॅमचं पाणी पावापर्यंत जाऊ देत नाही. एका सँडविचला चीजच्या दोन स्लाइस (४० ग्रॅम) आणि पातळ कापलेलं मांस ६० ते ७० ग्रॅम, त्यात निम्मं हॅम आणि निम्मं टर्की किंवा शिजवलेलं चिकन ब्रेस्ट. मोहरीची पेस्ट हवी असेल तर अर्धा टीस्पून, तीही मांसाच्या दोन थरांमध्ये. मेयोनेज अजिबात नको. थर घसरतात आणि कापताना सगळं सांडतं.

हॅमचे काप किचन पेपरवर ठेवून दोन्ही बाजूंनी टिपून घ्या. ही पायरी सगळे गाळतात. पाकिटातलं हॅम ओलं असतं, गरम तेलात त्या पाण्याची वाफ होते आणि तिला बाहेर पडायला वाट लागते. बॅटर फुगून सुटतं त्यामागे बहुतेक वेळा हेच असतं.

सँडविच तळहाताने सगळीकडून सारखं दाबा, प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळा आणि ३० मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. मग धारदार सुरीने तिरकं कापून दोन त्रिकोण करा. प्रत्येक त्रिकोणात एक लाकडी टूथपिक. तळायच्या आधी कोरड्या मैद्यात घोळवून जादा मैदा झटका, कापलेल्या बाजूलाही मैदा लागू दे. हा कोरडा थर नसेल तर ओलं बॅटर पावावर नुसतं बसतं, पकडत नाही.

न्यूजर्सीकर

वरच्या प्रतिसादातलं जवळजवळ सगळं मान्य, फक्त फ्रिजबद्दल दुसरं मत आहे. थंडगार सँडविच तेलात टाकलं की मधलं चीज वितळायला वेळच मिळत नाही. त्याऐवजी बांधलेलं सँडविच कोरड्या तव्यावर मंद आचेवर ठेवा, वर एक छोटी जड ताटली, प्रत्येक बाजूने दीड मिनिट. चीज पावाला धरू लागलं की उतरवा आणि जाळीवर १५ मिनिटं निवू द्या. आता ते चिकटून एकसंध झालेलं असतं, कडा उघडत नाहीत आणि चीज एकदा मऊ झालेलं असल्याने तळताना पटकन सैल होतं. दोन पथ्यं पाळा. तव्याला लोणी किंवा तेल लावायचं नाही, तुपकट पावावरून बॅटर घसरतं. आणि पाव टोस्टसारखा कडक होऊ द्यायचा नाही.

तेल: २० ते २२ सें.मी.च्या कढईत १ लिटर, म्हणजे मधोमध पाच-सहा सेंटीमीटर खोली मिळते. सूर्यफूल किंवा रिफाइंड शेंगदाणा, वास नसलेलं. तापमान १७५ ते १८० अंश सेल्सिअस. थर्मामीटर नसेल तर बॅटरचा थेंब टाका. तो खाली बुडून दोन-तीन सेकंदांत बुडबुडे सोडत वर आला तर ठीक. तळाशी रेंगाळला तर तेल गार, वरच्यावर तडतडून लगेच तांबडा झाला तर जास्त तापलेलं. एका वेळी दोनच त्रिकोण. जास्त टाकले की तेलाचं तापमान झपाट्याने उतरतं, आवरण लवकर धरत नाही, पाव तेल पितो आणि सँडविच हातात घेतलं की बोटं ओली होतात.

त्रिकोण टूथपिक धरून बॅटरमध्ये बुडवा, उलटसुलट करा, तीन-चार सेकंद निथळू द्या आणि कढईच्या कडेकडून आपल्यापासून लांबच्या दिशेला अलगद सोडा. पहिली ३० सेकंद झारा लावू नका. ओलं आवरण तेव्हाच तुटतं. हा पदार्थ तेलावर तरंगतो, म्हणून वरच्या बाजूवर झाऱ्याने थोडं तेल उडवत राहा. एका बाजूला २ मिनिटं, उलटून पुन्हा २ मिनिटं, मग चिमट्याने धरून कापलेली उभी बाजू १५-२० सेकंद तेलात धरा. ती पांढरी आणि कच्ची राहते हे अनेकांच्या लक्षातच येत नाही.

निथळायला जाळी वापरा, कागद नाही. कागदावर खालची बाजू स्वतःच्या वाफेने मऊ पडते. पुढचे घाणे होईपर्यंत आधीचे त्रिकोण जाळीसकट ओव्हनमध्ये १०० अंशांवर ठेवा. आतलं चीज गार राहिल्याची शंका असेल तर तीच पाच-सात मिनिटं ते दुरुस्तही करतात. प्रत्येक घाण्यानंतर तेलातले बॅटरचे कण झाऱ्याने काढा, नाहीतर ते जळून पुढच्या सँडविचवर काळे ठिपके बसतात.

अमेरिकेतल्या मंडळींसाठी: डेलीत, म्हणजे तयार मांस आणि चीज कापून देणाऱ्या दुकानात, हॅम ‘अगदी पातळ’ कापून मागा. जाड एकच काप असेल तर चावताना तो अख्खा बाहेर ओढला जातो. चीज स्विस किंवा ग्रुयेर. ब्रिओश आणि हवाईयन ब्रेडच्या वाटेला जाऊ नका. दोन्ही गोड असल्याने झटकन काळपट होतात.

पिठीसाखर

भारतातल्या सामानाबद्दल. ‘कुक्ड हॅम’ किंवा ‘स्मोक्ड हॅम’ लिहिलेलं पाकीट घ्या, ते शिजवलेलंच असतं. बेकन कच्चं असतं, ते इथे चालणार नाही. पोर्क न खाणाऱ्यांसाठी चिकन हॅम मिळतं. ते बरंचसं पाणचट असल्यामुळे टिपून घेण्याची गरज दुप्पट, आणि धुराचा स्वाद कमी असल्याने दोन थरांत मोहरी जरूर लावा. एकाच कढईत दोन्ही करणार असाल तर आधी चिकनचे घाणे काढा, मग पोर्कचे.

चीजमध्ये साध्या प्रोसेस्ड स्लाइसना नाक मुरडायचं कारण नाही. त्यातल्या इमल्सिफायिंग सॉल्टमुळे (चीजमधली चरबी आणि पाणी एकत्र धरून ठेवणारे क्षार) ते वितळलं तरी तूप सुटत नाही आणि तारेऐवजी गुळगुळीत मऊ थर होतो. चव मात्र सपाट आणि खारट. अमूलचं एमेंटल किंवा गौडा मिळालं तर एक थर त्याचा (किसून २० ग्रॅम) आणि एक थर प्रोसेस्ड स्लाइसचा, ही जोडी मला सर्वांत पटते: एक चव देतं, दुसरं चिकटवतं. नुसतं मोझरेला नको, त्याला हॅमशी झुंजण्याइतकी चव नसते.

गोड भागाकडे लोक दुर्लक्ष करतात, पण या सँडविचचा जीव तिथेच आहे. अमेरिकेत रास्पबेरी किंवा रेड करंटचा जॅम देतात, दोन्ही आंबट. आपला मिक्स्ड फ्रूट जॅम नुसता गोड असतो, हॅमच्या खारटपणाला तो कापत नाही. महाबळेश्वरी स्ट्रॉबेरीचा तुकडे असलेला जॅम ४ टेबलस्पून, लिंबाचा रस १ टेबलस्पून, पाणी १ टेबलस्पून, मंद आचेवर मिनिटभर गरम करा. चिमूटभर मिरपूड घातली तर आणखी छान. तुतीचा किंवा करवंदाचा जॅम मिळाला तर लिंबू निम्मं करा. जॅम सँडविचच्या आत भरू नका. तो तळताना उकळतो, पाव भिजवतो आणि जीभ भाजतो. बाजूला वाटीत द्या.

पिठीसाखर तळल्यावर दोन मिनिटांनी, चहाच्या गाळणीतून, एका सँडविचला साधारण १ टीस्पून. तेल तकतकत असताना भुरभुरवली की विरघळून चिकट डाग पडतात. विकतच्या आयसिंग शुगरमध्ये थोडं कॉर्नफ्लोअर असतं, ती जरा जास्त वेळ पांढरी राहते. हात आखडता ठेवा, हे शंकरपाळे नव्हेत.

खाऊगल्ली_ठाणे

सगळ्यांचे आभार. एअर फ्रायरचं राहिलं. आणि आदल्या दिवशी किती तयारी करून ठेवता येईल?

मंद_आच

एअर फ्रायरमध्ये हे बॅटर चालत नाही. ओलं पीठ घट्ट होण्याआधीच जाळीतून खाली गळतं आणि जे उरतं ते खडबडीत, पिठूळ लागतं. एअर फ्रायरच वापरायचा असेल तर अंड्याचं रूप करा: चार सँडविचना ४ अंडी, १६० मि.ली. दूध, चिमूटभर मीठ, जायफळ किसून. प्रत्येक बाजू १५ सेकंद बुडवायची, जाळीला तेल लावायचं, सँडविचवर तेलाचा फवारा मारायचा, १८० अंशांवर ८ ते १० मिनिटं, मध्ये एकदा उलटून. हेच तव्यावर करायचं तर तूप किंवा अर्धं लोणी-अर्धं तेल घ्या, नुसतं लोणी करपतं. मंद-मध्यम आच, एका बाजूला ३ ते ४ मिनिटं, पहिली दोन मिनिटं झाकण. मग सँडविच उभं करून चारही कडा थोड्या भाजा, कडेचं अंडं ओलं राहायला नको. खरं सांगायचं तर चौघांच्या घाईगर्दीत हेच सोपं आणि हलकं पडतं, पण कुरकुरीतपणाची अपेक्षा ठेवू नका.

न्यूजर्सीकरांचा तव्याचा मुद्दा पटला. ज्यांच्याकडे ओव्हन नाही त्यांनी तीच पद्धत धरावी. फ्रिजची धरली तर निदान तळायच्या १० मिनिटं आधी बाहेर काढा.

न्यूजर्सीकर

आदल्या रात्री सँडविच बांधून, गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवलं तर उलट चांगलं. पाव थोडा सुकतो, थर बसतात. सकाळी तवा, मग निववणं, मग तळणं. बॅटरचं कोरडं मिश्रण चाळून डब्यात भरून ठेवा, पण पाणी आणि अंडं अगदी तेल तापत ठेवल्यावर घाला. भिजवून ठेवलेल्या बॅटरमधली बेकिंग पावडर हळूहळू दम सोडते आणि आवरण जड होतं.

उरलेलं मायक्रोवेव्हमध्ये घालू नका, आवरण रबरासारखं होतं. तळलेले त्रिकोण एअर फ्रायरमध्ये १७० अंशांवर ५ ते ६ मिनिटं ठेवले की परत कुरकुरीत होतात. तुमच्या यंत्राचा खरा उपयोग इथे. त्या आधी साखर झटकून टाका, ती करपते.

पिठीसाखर

आणि माणशी एक अख्खं सँडविच धरू नका. चौघांना तीन सँडविच, म्हणजे सहा त्रिकोण पुरतात. सोबत काकडी-कोबीची लिंबू पिळलेली कोशिंबीर ठेवा, दही न घालता. टूथपिक वाढण्याआधी मोजून काढा, विशेषतः लहान मुलं असतील तर.